उमेदवार पितांबर यांच्या पालकाची सही

चुनीलालशेठांच्या जिनिंगमध्ये अकरा वर्षं कापसाचा काटा सांभाळल्यावर पितांबरआप्पांनी वयाच्या चौतिसाव्या वर्षी विजेच्या कामाची उमेदवारी धरली, तेव्हा गल्लीने पहिली चौकशी केली ती त्यांच्या तब्येतीची.

चौकशी अगदीच गैरवाजवी नव्हती. सन एकोणीसशे सदतीसच्या नंदुरबारात कारकुनी सोडून माणूस फार तर किराणा दुकान काढी. ज्याच्या हाती लेखणी आली नाही तो पाना धरी, अशी साधी वाटणी होती. लेखणी ठेवून पाना उचललेला माणूस गावाने पाहिला नव्हता. शेजारच्या दगूबाईंनी आप्पांच्या बायकोला, म्हणजे रुक्मिणीबाईंना, आपल्या ओट्यावरूनच विचारलं, "काय वं, शेठनी काढी दिन्हं का त्यास्ले?"

"नही वं माय. सोताच सोडं."

"सोता? मंग वैदूले दखाड बरं एकडाव."

झालं होतं ते असं. शेठांनी जिनिंगच्या आवाराच्या पलीकडच्या टोकाला नवी शेड बांधली आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की जुन्या वाफेच्या इंजिनाचा पट्टा तिथवर पोचत नाही. तेव्हा त्यांनी सुरतेहून एक डायनामो आणला आणि एक मोटार मागवली. इंजिनाने डायनामो फिरवायचा, डायनामोने वीज करायची, ती तारेतून आवार ओलांडून जायची आणि पलीकडे मोटारीने सरकी काढणारी यंत्रं फिरवायची. भाद्रपदात डायनामो बसला आणि चाचणीचा एक दिवा नव्या शेडमध्ये लागला. आप्पा काट्यावरून बघत होते. इकडे इंजिन, तिकडे उजेड आणि मध्ये अंगठ्याएवढी तार. अकरा वर्षं त्यांनी या जगातली प्रत्येक वस्तू मणात आणि शेरात ओळखली होती. या वस्तूला वजनच नव्हतं. ही गोष्ट त्यांच्या डोक्यातून जाईना.

डायनामो बसवायला आलेल्या मिस्त्रीचं नाव शमुवेल. नवापूरच्या डोंगराकडचा, तिशीचा, मिशनच्या शाळेत पाच यत्ता शिकून सुरतेच्या एका गिरणीत नऊ वर्षं काढलेला माणूस. कमी बोलायचा आणि बोललेलं दोनदा सांगायचा नाही. आप्पा त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मला हे शिकवाल?"

मिस्त्रीने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. गल्ली करत होती तशी तब्येतीची चौकशी त्याने केली नाही. तो म्हणाला, "धोतर चालणार नाही, कारकूनसाहेब. पट्ट्यात जाईल."

म्हणजे अर्धी चड्डी आली. रुक्मिणीबाईंनी बाजारातून खाकी आणून ती शिवली, आप्पांनी ती दार लावून घालून पाहिली आणि तोडगा काढला, की घरून निघताना वर धोतर, आत चड्डी. जिनिंगच्या फाटकाशी धोतर सोडून खुंटीला टांगायचं. ही व्यवस्था आठ दिवस चालली. नवव्या दिवशी एका बकरीने खुंटीवरचं धोतर ओढून अर्धं खाल्लं आणि आप्पांना भर बाजारातून अर्ध्या चड्डीत घरी जावं लागलं. नेमकी तेव्हाच कोरीटच्या शेतकऱ्यांची गाडी समोरून आली. ज्यांचा कापूस आप्पांनी अकरा वर्षं तोलला त्यांनी बैल थांबवले.

"राम राम आप्पा! कितवीमा शेत?"

आप्पांनी चालण्याचा वेग वाढवला. पण त्या रात्री ते जेवले नाहीत, एवढी नोंद इथे करायला हरकत नाही.

शेठांची हरकत वेगळी होती. चुनीलालशेठ सावध माणूस. "पितांबर, कागद पायजे," ते म्हणाले. "करंट कोणाला ओळखत नाय. उद्या तुला काय झालं तर तुझी बायको माझ्या दारात. कचेरीत जा, उमेदवारीचा करार कर, शिक्का घे. आणि दिवाळीनंतर लाभपंचमीला मोटार फिरली पायजे. मोटार फिरली तर तू मिस्त्रीचा उमेदवार. नाय फिरली तर..." शेठांनी काट्याकडे हात केला. काट्यावर त्यांचा भाचा बसलेला होता. त्याने आप्पांची गादीसुद्धा बदलली होती. मागे परतायला जागा राहिली नव्हती, हे आप्पांना त्या नव्या गादीकडे पाहून नीट कळलं.

कचेरीत उमेदवारीचा छापील नमुना होता. अव्वल कारकुनाने तो टेबलावर ठेवला आणि आप्पांच्या मागे कोणी उभं आहे का ते पाहिलं.

"मुलगा कुठे आहे?"

"मुलगा नाही. उमेदवार मीच."

अव्वल कारकुनाने आप्पांच्या मिशीकडे पाहिलं. मग नमुना दोन्ही बाजूंनी वाचला. त्यात 'उमेदवाराचे वय, दहा ते अठरा' असं स्पष्ट होतं. खाली 'बापाची अगर पालकाची सही', त्याखाली 'पालकाचे उमेदवाराशी नाते', आणि शेवटी 'उमेदवाराची वर्तणूक चांगली राहील अशी पालक हमी देतो'.

"या नमुन्यात तुम्ही बसत नाही," तो म्हणाला.

"मग दुसरा नमुना द्या."

"दुसरा नमुना नाही."

"मग यातलंच खोडून..."

"छापलेलं खोडता येत नाही," अव्वल कारकून दुखावल्या आवाजात म्हणाला. "एकाने खोडलं तर उद्या सगळेच खोडतील."

आप्पा स्वतः कारकून होते, म्हणून त्यांना राग आला नाही. उलट समोरच्या माणसाची अडचण त्यांना आतून समजली. ते तीनदा गेले. तिसऱ्या खेपेला अव्वल कारकून त्यांची वाटच पाहत होता. त्याचा चेहरा उजळला होता. त्याने वयाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'अठरा पूर्ण. शिवाय सोळा.'

"आता पालक," तो म्हणाला. "वडील?"

"वारले."

"मग दुसरा कोणी पालक आणा. तो रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"चौतिसाव्या वर्षी मी पालक कुठून आणू?"

"तो तुमचा घरगुती प्रश्न आहे."

हा घरगुती प्रश्न संध्याकाळपर्यंत गल्लीचा झाला. समोरच्या घरात जालमसिंग राहायचे, पोलिसातून जमादार म्हणून निवृत्त झालेले. नोकरी सुटल्यापासून त्यांच्या हुकुमात कोणी उरलं नव्हतं. ते स्वतःहून आले आणि म्हणाले, "पितांबर, आजपासून तू माझ्या हवाली. सही करतो. पण लाभपंचमीपर्यंत वर्तणूक पाहून."

त्या दिवसापासून आप्पांना जिनिंगहून आल्यावर जालमसिंगांच्या ओट्यापुढे हजेरी द्यावी लागू लागली. "आज काय शिकला?" "तारेला कथील लावायला." "पुढच्या वेळी पाठांतर करून ये. हात दाखव. नखं का काळी?" रुक्मिणीबाई दाराआडून हे ऐकत आणि पदराने तोंड दाबत. आप्पा मान खाली घालून उभे राहत, कारण सही अजून व्हायची होती.

मोटार आली ती दसऱ्यानंतर दोन दिवसांनी. हे दोन दिवस पुढच्या साऱ्या गोष्टीचं मूळ आहेत. जिनिंगमध्ये दसऱ्याला काटा, वजनं, पाने, हातोडे, इंजिन, सगळ्यांची पूजा होई. डायनामोची झाली. मोटारीची राहिली.

मिस्त्रीने दहा दिवसांत मोटार पायावर बसवून जोडून ठेवली. जिनिंगला दिवाळीची सुटी लागली तेव्हा तो गावी भात कापायला निघाला. जाताना शेडच्या दारात थांबून म्हणाला, "भाऊबीजेला सकाळच्या गाडीने येतो. मोटारीला पाण्याचा एक थेंब लागता कामा नये, कारकूनसाहेब."

आप्पांनी हा हुकूम अक्षरशः पाळला. शेडला कुलूप घातलं. सडा घालणाऱ्या बाईला आवाराच्या त्या बाजूला येऊ दिलं नाही. तहान लागली तर पेला घेऊन फाटकाबाहेर जाऊन पाणी प्यायले.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी शेठ भटजींना घेऊन चोपड्यांच्या पूजेला आले. शेठांकडे सगळं चोघडियं, म्हणजे गुजराती पंचांगातली शुभाशुभ घटका, पाहून चाले. सव्वातीनचं चोघडियं लाभाचं होतं. चोपडे झाल्यावर शेठांना एकदम आठवण झाली. "अरे, मोटार तर दसऱ्याची उपाशी! पितांबर, कुलूप काढ."

आप्पांनी कुलूप काढलं. मोटारीला हळदकुंकू लागलं. भटजींनी आंब्याच्या डहाळीने कलशातलं तीर्थ तिच्यावर चौफेर शिंपडलं. मग शेठांनी स्वतः पारखून आणलेला नारळ आप्पांच्या हाती दिला, कारण मोटार आप्पांच्या ताब्यात होती आणि मान त्यांचा होता. आप्पांनी तो मोटारीच्या लोखंडी कडेवर आपटला. फुटला नाही. अपशकुन होऊ नये म्हणून दुसऱ्यांदा त्यांनी जरा जास्त जोर केला. नारळ फुटला आणि त्यातलं सगळं पाणी मोटारीच्या बाजूच्या जाळीतून आत गेलं. बाहेर एक थेंब सांडला नाही.

"वा!" शेठ म्हणाले. "सगळा घेतला."

या प्रकरणात दोष एकट्याचा नव्हता, हे नमूद केलं पाहिजे. सुरतेच्या गिरणीत मिस्त्री लोक मोटारीला लांबून फूल वाहत, म्हणून मोटारीवर कोणी नारळ फोडील हे शमुवेलच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि शेठ, भटजी व आप्पा या तिघांना तीर्थ हे पाणी असतं, याची त्या घटकेला आठवण झाली नाही. आप्पांनी दाराला पुन्हा कुलूप घातलं आणि कडीला हात लावून पाहिला. हलगर्जीपणा त्यांच्या स्वभावात नव्हता.

पाडव्याला सकाळी ते शेड उघडून पाहतात तो भिंतीपासून मोटारीच्या जाळीपर्यंत मुंग्यांची रांग. जाणाऱ्या मुंग्या रिकाम्या, येणाऱ्या समाधानी. आप्पांनी दार ओढून घेतलं. ते घरी आले आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाले, "मोटारीत मुंग्या शिरताहेत."

"लाल का काळ्या?" दगूबाईंनी भिंतीपलीकडून विचारलं.

"काळ्या."

"मंग लक्षुमी उनी म्हना! तठे चिमूटभर पीठ टाका."

जालमसिंगांनी पीठ नामंजूर केलं. मुंग्यांवर हळद, असा त्यांचा पंचवीस वर्षांच्या ठाण्यांतला अनुभव होता. पालकाचा शब्द मोडणं सहीच्या दृष्टीने बरं नव्हतं. आप्पांनी पावशेर हळद जाळीतून आत फुंकली. मुंग्या यायच्या थांबल्या. ज्या आत होत्या त्या आतच राहिल्या.

भाऊबीजेला शमुवेल मिस्त्री गाडीतून उतरून थेट शेडमध्ये आला. मोटारीपुढे उभा राहिला. जाळीवरून बोट फिरवलं, ते पिवळं झालं.

"लग्न आहे का हिचं?"

"मुंग्या आल्या होत्या," आप्पा म्हणाले.

"मुंग्या कशाला आल्या?"

मग आप्पांना सगळं सांगावं लागलं. मिस्त्री ऐकत होता. शेवटी त्याने एकच विचारलं, "नारळात पाणी होतं?"

"भरपूर. शेठनी हलवून घेतला होता."

मिस्त्रीने पेटीतून मेगर काढला. मेगर म्हणजे दांडा फिरवायची लहानशी पेटी. तांब्याच्या गुंडाळीतली वीज बाहेरच्या लोखंडात पाझरते की नाही, हे तिचा काटा सांगतो. त्याने तारा लावल्या आणि दांडा फिरवला. काटा हलला नाही.

"शून्य," मिस्त्री म्हणाला.

आप्पांना हायसं वाटलं. अकरा वर्षं रोज सकाळी रिकाम्या काट्यावर शून्य पाहून त्यांनी दिवस सुरू केला होता. "म्हणजे बरोबर आहे ना?"

"कापसाच्या काट्यावर बरोबर. इथे शून्य म्हणजे मोटार गेली. आत्ता वीज दिली तर जळेल."

बातमी तासाभरात शेठांकडे गेली. शेठ रागावले नाहीत, हे जास्त वाईट होतं. ते आपल्या भाच्याकडे पाहत म्हणाले, "पितांबर, पंचमीला तीन दिवस आहेत. मी काय बोलू?" संध्याकाळी जालमसिंगांनी ओट्यावरूनच जाहीर केलं, "मी सही करणार नाही. अशा वर्तणुकीची हमी मी देऊ शकत नाही." हळदीचा विषय त्यांनी काढला नाही. आप्पांनीही काढला नाही. काटा गेला, मोटार गेली आणि आता पालकही गेला. ते घरात येऊन अर्ध्या चड्डीतच भिंतीला टेकून बसले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ते शेडमध्ये गेले ते मिस्त्रीची क्षमा मागून परत यायच्या तयारीने. मिस्त्रीने मोटार उघडून आतला फिरणारा भाग, तांब्याच्या गुंडाळ्यांचा तो जड लोखंडी दंडगोल, दोन विटांवर ठेवला होता.

"आलात? पाणी तापवा."

"पाणी?"

"नारळाचं पाणी गोड. गोडवा आत राहिला तर कधी वाळणार नाही. आधी स्वच्छ ऊन पाण्याने धुवायचं, मग वाळवायचं."

पाण्याचा एक थेंब लागू न देण्याच्या वस्तूवर आप्पांनी त्या सकाळी सहा हंडे पाणी ओतलं. हळद गेली, गोडवा गेला आणि मुंग्याही गेल्या. क्षमेचं बोलणं राहूनच गेलं, कारण मिस्त्रीने त्याला जागाच ठेवली नव्हती.

वाळवण्याचं काम मात्र अवघड निघालं. सुरतेला त्यासाठी भट्टी होती. इथे निखारे होते. आच जास्त झाली तर तारेवरचं सुती आवरण आणि त्यावरची लाख जळायची; कमी झाली तर आतली ओल तशीच राहायची. आप्पांनी धावत जाऊन दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून ताप पाहायची काचेची नळी मागून आणली आणि निखाऱ्याजवळ धरली. पारा क्षणात टोकाला गेला आणि नळी तडकली. मग ते अंदाजाने वारा घालू लागले. थोड्या वेळाने करपल्याचा वास आला. मिस्त्रीने झटकन दंडगोल बाजूला ओढला. एका कडेची लाख तपकिरी झाली होती. मिस्त्रीच्या कपाळावर पहिल्यांदाच घाम दिसला.

नेमक्या त्या वेळी रुक्मिणीबाई भाकरी घेऊन आल्या. दारातच थांबल्या आणि नाक मुरडलं.

"आवो, काय करी ऱ्हायनात? हाऊ इस्तो शे का होयी?"

"तू भाकरी ठेव आणि जा," आप्पा म्हणाले. बायकोसमोर पाणउतारा नको होता.

रुक्मिणीबाई गेल्या नाहीत. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. खान्देशात लग्नाकार्याला पुरणाचे मांडे होतात ते तव्यावर नव्हे, चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर. मांडा हातांवर फिरवून पसरायचा, रुमालासारखा पातळ, आणि खापरावर टाकायचा. आच जरा चढली तर करपतो, उतरली तर कच्चा राहतो. रुक्मिणीबाईंच्या हातच्या मांड्यांसाठी कोरीटपासून धानोऱ्यापर्यंत बोलावणी येत. हे आप्पांना माहीत होतं, पण मांडा आणि मोटार या दोन गोष्टी त्यांच्या मनात एका खोलीत कधी आल्या नव्हत्या.

रुक्मिणीबाईंनी मिस्त्रीला विचारलं, "दादा, याले कितली आच लागस?"

मिस्त्रीने सांगायचा प्रयत्न केला. मग त्याने हात पुढे केला. "हाताला सोसेल, पण फार वेळ नाही, इतकी. आणि ती दोन दिवस हलता कामा नये."

"इतलंच ना?" रुक्मिणीबाई म्हणाल्या. आणि नवऱ्याला, "उठा. घर जा, मन्हं मोठं खापर लई या. संभाळीसन. फुटनं तं घर येऊ नका."

आप्पा उठले आणि गेले.

खापर आलं. रुक्मिणीबाईंनी अर्धे निखारे बाहेर ओढले, उरलेल्यांवर राख पसरली, वर खापर पालथं घातलं, विटांचे दोन थर रचून त्यावर दंडगोल ठेववला आणि वरून पत्र्याचा डबा झाकला. मग तळहात आत धरून मोजू लागल्या. सहाला हात काढला. "जास्त शे." राखेची एक मूठ. पुन्हा मोजलं. नऊला काढला. "आते बरोबर. दादा, बठ्ठीकडथून सारखं भाजाले फिरावनं पडी का?"

"दर तासाला पाव फेरा," मिस्त्री म्हणाला. तो त्यांच्या हाताकडे बघत होता. "बाई, सुरतेला माझ्या उस्तादाकडे साहेबाची नळी होती. तरी तो हातच धरायचा."

दुपारी दगूबाई तमाशा पाहायला आल्या आणि कामाला लागल्या. त्या एकीकडे पंखा हलवत, एकीकडे आप्पांच्या चड्डीकडे पाहत. "कशी काय वं, हाई मोटार पोट्यासारखी शेकनी पडस? बायतीन शे जशी." मोटार बाळंतीण झालेली ऐकून मिस्त्री हसला. तो हसतो हे आप्पांना तोवर माहीत नव्हतं. आप्पांचं काम होतं निखारे पुरवायचे, सांगतील तितकेच, सांगतील तिथे. ते त्यांनी दोन दिवस उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत केलं. पहिल्या संध्याकाळी मेगरचा काटा शून्यावरून केसभर सरकला. मिस्त्रीने मेगर पेटीत ठेवून दिला, पण आप्पांनी तो केस पाहिला. तपकिरी कडेला मिस्त्रीने नवी लाख लावली. दुसऱ्या दिवशी रात्री मोटार पुन्हा जुळली.

लाभपंचमीला नऊ वाजून वीस मिनिटांचा मुहूर्त होता. शेठ आले, भाचा आला, जालमसिंग लांब उभे राहिले, आणि भटजी आले ते हातात नवा नारळ घेऊन. शेठांपुढे भटजींना अडवायचं कोणी? रुक्मिणीबाई पुढे झाल्या, वाकून नमस्कार केला आणि नारळ त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला. "हाऊ नारय परसादले ऱ्हाऊ द्या, महाराज. मोटारनं पोट भरेल शे."

मिस्त्रीने मेगर आप्पांच्या हातात दिला. "तुम्ही वाचा."

आप्पांनी दांडा फिरवला. काटा उठला. अर्ध्यावर आला आणि डोलू लागला.

"झाला, झाला," शेठ म्हणाले. "मुहूर्त जाते. चालू करा."

"थांबा शेठ."

अकरा वर्षांत आप्पांनी शेठांना थांबा म्हटलं नव्हतं. ते दांडा एका गतीने फिरवत राहिले. काटा डोलायचा थांबला आणि मग सावकाश, अगदी सावकाश, वर सरकू लागला. भटजींनी घड्याळ पाहिलं. भाच्याने जांभई दिली. आप्पा काट्यावरून नजर हलवेनात. तो जिथे थांबला तिथे त्यांनी आणखी दहा आकडे मोजले आणि मगच वाचलं. मिस्त्रीने मान हलवली.

"म्हणून घेतलं तुम्हाला," तो हळू म्हणाला. "माझा बाप, रेंग्या, कापूस घेऊन इथे यायचा. मी गाडीवर असायचो. दुसऱ्या जिनिंगांत काटा डोलत असतानाच वजन पुकारायचे. तुम्ही तो थांबेपर्यंत थांबायचे. मागच्या गाड्या शिव्या द्यायच्या, तरी थांबायचे. बाप म्हणायचा, उशीर झाला तरी याच काट्यावर जाऊ."

आप्पांना आजवर वाटत होतं, मिस्त्रीने दया करून आपल्याला घेतलं.

"पितांबर," मिस्त्री मोठ्याने म्हणाला, "स्विच ओढ."

मिस्त्रीच्या तोंडचा 'कारकूनसाहेब' गेला होता. जाताना त्याने मागे वळूनही पाहिलं नाही आणि आप्पांना त्याची आठवण आली नाही. त्यांनी स्विच ओढला. मोटार गुरगुरली, पट्टा थरथरला आणि नव्या शेडमधली यंत्रं एकापाठोपाठ एक फिरू लागली. थोडा वेळ शेडमध्ये ताज्या मांड्यासारखा वास आला. शेठांनी पगडी सारखी केली. "लाभ, लाभ," ते म्हणाले, आणि भाच्याला कापूस आणायला पिटाळलं.

घरी परतताना मोठं खापर आप्पांनी आपल्या डोक्यावर घेतलं. रुक्मिणीबाई पुढे, आप्पा मागे, अर्ध्या चड्डीत, दिवसाढवळ्या, बाजारातून. नवं धोतर फाटकाच्या खुंटीला तसंच राहिलं. बायकोचे आभार मानायला त्यांच्याकडे शब्द नव्हता; त्यांच्या घराण्यात कोणाकडेच तो नव्हता. म्हणून त्यांनी खापर फुटू दिलं नाही.

वाटेत जालमसिंग भेटले. "पितांबर, सहीचं मी पुन्हा विचारात घेतो," ते म्हणाले.

"आता सोय झाली, जमादारसाहेब," आप्पा म्हणाले. ती नेमकी कोणती, हे त्यांना त्याच क्षणी सुचलं होतं.

तिसऱ्या दिवशी कचेरी उघडली. अव्वल कारकुनाने नमुना काढला. "पालक आणला?"

आप्पांनी मागे पाहिलं. रुक्मिणीबाई नवीन लुगडं नेसून उभ्या होत्या. अव्वल कारकुनाने नमुना पुन्हा दोन्ही बाजूंनी वाचला. पालक पुरुष असावा असं त्यात कुठेही छापलेलं नव्हतं. त्याने टाक पुढे केला. मराठी चार यत्ता शिकलेल्या रुक्मिणीबाईंनी जीभ दाताखाली धरून पूर्ण नाव लिहिलं.

"पालकाचे उमेदवाराशी नाते?"

"मन्हा नवरा शे तो."

अव्वल कारकुनाने ते जसंच्या तसं लिहिलं नाही. त्याने 'पत्नी' लिहिलं आणि क्षणभर डोळे मिटले. "आता शेवटचं. उमेदवाराची वर्तणूक चांगली राहील, अशी पालक हमी देतो. कबूल?"

रुक्मिणीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आप्पा हात जोडून, नखं काळी, खाकी चड्डीत उभे होते. शिक्का हातात धरून अव्वल कारकून वाट पाहत होता.

"मोटारवर पानी टाकनार नहीत, इतली हमी मी देस," त्या म्हणाल्या. "बाकीनं माले इचारू नका."